अंत्युखियाची पंगत : विश्वास, मंडळी आणि संस्कृती यांचे नाते

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले तरुण ईश्वरविज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायला येतात, तेव्हा काही प्रश्न ते घरूनच घेऊन येतात. लग्नात हळद लावावी की नाही, शेजारच्या घरातून आलेला गणपतीचा प्रसाद घ्यावा की नाही, उपासनेत टाळ-मृदंग चालतील की ऑर्गनच हवा, मंगळसूत्रात क्रूस ओवला म्हणजे ते ख्रिस्ती झाले का, असे ते प्रश्न असतात. हे निव्वळ रीतिरिवाजांचे प्रश्न आहेत असे समजून आपण बहुधा हो किंवा नाही असे उत्तर देतो आणि विषय संपवतो. परंतु शिकवताना माझी खात्री होत गेली आहे की, या प्रश्नांची उत्तरे रीतिरिवाजांच्या यादीत सापडत नाहीत. ती प्रॉटेस्टंट विश्वासाच्या अगदी मध्यावर असलेल्या एका शिकवणीत सापडतात आणि ती शिकवण म्हणजे माणूस कृपेने, विश्वासाच्या द्वारे, नीतिमान ठरतो ही होय. ही शिकवण मरणानंतरच्या तारणापुरती आहे असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. वास्तविक तिचा पहिला मोठा वाद जेवणाच्या पंगतीवरून झाला होता.

आधी ती शिकवण काय आहे ते पाहू. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेची सुरुवात करणारा जर्मन संन्यासी मार्टिन लुथर हा १५१२ पासून विटेनबर्गच्या विद्यापीठात पवित्र शास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता. १५१३ ते १५१५ या काळात त्याने स्तोत्रसंहितेवर आणि त्यानंतर रोमकरांस पत्रावर, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या नव्या करारातील पत्रावर, व्याख्याने दिली. संन्यस्त जीवनाचे सारे नियम कसोशीने पाळूनही त्याला शांती मिळत नव्हती, कारण देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पापी माणसाला मोजून शिक्षा करणारा निकष, अशी त्याची समजूत होती. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतराव्या वचनावर विचार करता करता त्याला उमगले की, देव ज्या नीतिमत्त्वाची अपेक्षा करतो ते तोच ख्रिस्तामध्ये माणसाला देणगी म्हणून देतो आणि माणसाने ते केवळ विश्वासाने स्वीकारायचे असते. आयुष्याच्या अखेरीस, १५४५ मध्ये, त्याने या अनुभवाची आठवण लिहून ठेवली. ३१ ऑक्टोबर १५१७ चे पंचाण्णव मुद्दे आपल्याला पाठ असतात, पण धर्मसुधारणेचे मूळ वर्गातल्या या वाचनात आहे.

येथे 'विश्वास' म्हणजे काही विधाने खरी आहेत असे मान्य करणे नव्हे. देव आहे हे मान्य करणारा माणूसही आयुष्यभर त्याला भिऊन किंवा त्याच्याशी हिशेब करून जगू शकतो. विश्वास म्हणजे देवाने दिलेल्या वचनावर स्वतःचा भार टाकणे. घरात जन्मलेले मूल घरची कामे करते, पण ती कामे करून ते घरचे झालेले नसते. ते आधीच घरचे असते, म्हणून कामाला हात लावते. सत्कृत्यांचे स्थान नेमके हेच आहे. ती तारणाची किंमत नसून तारणाचे फळ आहेत. लुथरने १५२० मध्ये हेच दुसऱ्या प्रकारे मांडले. विश्वासामुळे ख्रिस्ती मनुष्य कोणाचाही अंकित राहत नाही आणि प्रीतीमुळे तो सर्वांचा सेवक होतो, असे त्याचे म्हणणे होते. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरावी लागतात. त्यांतले एक सुटले की स्वैराचार होतो आणि दुसरे सुटले की पुन्हा नियमांचे दास्य येते.

आता या शिकवणीचा संस्कृतीशी संबंध कसा येतो? 'कर्मांनी नाही' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दानधर्म, उपवास, तीर्थयात्रा अशी पुण्यकर्मे येतात. पौलासमोर मात्र त्या वेळी सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि सणवार होते, म्हणजे ज्यांना आज आपण संस्कृती म्हणू अशाच गोष्टी होत्या. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने अंत्युखियाची हकिकत सांगितली आहे. त्या शहरात यहूदी आणि यहूदीतर असे दोन्ही प्रकारचे विश्वासणारे एकाच मंडळीत होते आणि एकत्र जेवत होते. येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यासोबत बसत असे. पुढे यरुशलेमेहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली आणि सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला व वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी विश्वासणारेही उठले आणि शेवटी बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर गेला, ज्याने पौलासोबत परराष्ट्रीयांमध्ये, म्हणजे यहूदीतरांमध्ये, सुवार्तेचे काम केले होते.

या प्रसंगात पेत्राने तोंडाने कोणतीही चुकीची शिकवण दिली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. 'तुमचे तारण अपुरे आहे' असे तो परराष्ट्रीयांना म्हणाला नाही. त्याने फक्त ताट उचलले आणि जागा बदलली. आपल्याकडे असा प्रसंग घडता तर कोणीतरी म्हणाले असते की, जाऊ द्या, पाहुणे आहेत, चार दिवस त्यांच्या कलाने घेऊ. पौलाने मात्र सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विरोध केला आणि हे वागणे सुवार्तेच्या सत्याला सोडून आहे असे ठरवले. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो हे विधान गलतीकरांस पत्रात याच भांडणाच्या संदर्भात येते. पौलाचा तर्क सरळ आहे. देवाने ज्याला ख्रिस्तामुळे आपल्या मेजावर बसवले, त्याला आमच्या मेजावर बसण्यासाठी आणखी एक अट घातली, तर ख्रिस्त पुरेसा नाही असेच आपण म्हणत असतो, मग ती अट मुखाने उच्चारलेली असो वा नसो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. कोणतीही संस्कृती तारणाची अट नाही, म्हणून ख्रिस्ती होण्यासाठी कोणालाही दुसऱ्याची संस्कृती अंगीकारावी लागत नाही. ग्रीकाने यहूदी व्हायचे नाही आणि त्याच न्यायाने मराठी माणसाने इंग्रज किंवा अमेरिकन व्हायचे नाही. दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो आपण सोयीस्करपणे विसरतो. कोणतीही संस्कृती तारणाची अट नाही, म्हणूनच कोणतीही संस्कृती ख्रिस्ताच्या न्यायाबाहेरही नाही. आपली असली तरी नाही आणि पूर्वजांची असली तरी नाही. पेत्राचे सोवळे हे त्याच्या पूर्वजांनी श्रद्धेने जपलेले होते, तरीही ज्या घटकेला ते भावाला पंगतीतून उठवू लागले, त्या घटकेला ते आडवे आले.

पहिला निष्कर्ष महाराष्ट्रात कसा अनुभवास आला, हे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ते ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तेथील अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. मंडळीची गीते मराठी होती, परंतु त्यांतील अनेकांच्या चाली आणि वळणे परदेशी होती. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत, ओव्यांत, पदांत आणि कीर्तनात मांडली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्या कल्पनेला पुरेसा काळच मिळाला नाही.

टिळकांच्या कामाला कोणी 'देशी पोशाख' म्हणते, तेव्हा मला ते अपुरे वाटते. पोशाख वरून चढवता येतो आणि काढूनही ठेवता येतो. टिळकांचे अभंग मात्र आतूनच मराठी आहेत. देवाला आई म्हणावे, त्याच्याशी रुसावे, त्याच्या पायी लोळण घ्यावी, ही सारी भाववृत्ती त्यांना लहानपणापासून लाभलेली होती आणि ख्रिस्ताने ती काढून घेतली नाही. कृपेच्या शिकवणीचा हा थेट परिणाम आहे. देवाने मला आहे तसा स्वीकारले असेल, तर माझ्या भाषेसह, माझ्या गाण्यासह आणि माझ्या रडण्याच्या पद्धतीसह स्वीकारले आहे. लुथरने १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र लोकांच्या जर्मन भाषेत आणले, मंडळीला स्वतःच्या भाषेत गायला लावले, त्यामागेही हीच धारणा होती. सर्व विश्वासणारे याजक आहेत असे म्हटले, तर त्यांना स्वतःच्या भाषेत बोलता-गाता आलेच पाहिजे.

टिळकांच्या घरातच दुसऱ्या निष्कर्षाचेही उदाहरण आहे आणि माझ्या मते ते अधिक बोलके आहे. पतीच्या धर्मांतरानंतर काही काळ दूर राहिलेल्या लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. आपले अन्नपाणी त्या निराळे ठेवत. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, एकदा विचार करता करता त्यांना जाणवले की माणूस देवाने निर्माण केला, परंतु माणसामाणसांतले जातिभेद देवाने केलेले नाहीत, ते माणसानेच केले आहेत. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्याचा निश्चय केला. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे १९०० च्या आधी घडले. ईश्वरविज्ञानाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या या बाईंनी अंत्युखियाचा प्रश्न स्वतःच्या स्वयंपाकघरात सोडवला. गाणे, भाषा, साडी, सण यांतले काही त्यांना टाकावे लागले नाही. शिवाशीव मात्र टाकावी लागली. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवण्याचा निकष त्यांच्या निर्णयात स्वच्छ दिसतो.

'आपली संस्कृती' असे म्हणताना कोणाची संस्कृती, हेही विचारले पाहिजे. अहमदनगर, सोलापूर, सातारा भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आले. मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा मात्र बाबा पदमनजी, टिळक, पंडिता रमाबाई अशा सवर्ण घरांतून आलेल्या व्यक्तींभोवतीच फिरत राहते. त्यांचे ऋण मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तरीही जात्यावरच्या ओव्या, डफ-तुणतुण्यावरची गाणी, पोवाडे यांतून खेड्यांतील विश्वासणाऱ्यांनी जो ख्रिस्त गायिला, त्याला आमच्या अभ्यासक्रमात फार थोडी जागा मिळाली आहे. संस्कृती ही एकसंध वस्तू नसते. तिच्या आत वर-खाली असते आणि उपासनेला 'देशी' करताना आपण नकळत वरच्यांचीच अभिरुची सर्वांची म्हणून ठरवू शकतो.

परदेशी मिशनांनी आणलेल्या पद्धती हीदेखील संस्कृतीच होती, हे वेगळे सांगायला नको. एका तालुक्यात एक मिशन आणि शेजारच्या तालुक्यात दुसरे, म्हणून एकाच भाषेचे विश्वासणारे वेगवेगळ्या संप्रदायांचे झाले आणि इंग्लंड-अमेरिकेत घडलेले मतभेद येथे वारशाने चालू राहिले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अशा वारशांपैकी काही गोष्टी तारणासाठी आवश्यक नाहीत हे मान्य करावे लागले.

विश्वास आणि संस्कृती यांतली सीमा पुसली गेली तर काय होते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण लुथरच्याच देशात सापडते. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीच्या त्र्याण्णव विद्वानांनी आपल्या देशाच्या युद्धाचे समर्थन करणारे जाहीर पत्रक काढले. त्यावर सही करणाऱ्यांत आडोल्फ फोन हार्नाक आणि विल्हेल्म हेरमान हे नामांकित ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांचा विद्यार्थी कार्ल बार्थ तेव्हा स्वित्झर्लंडमधील साफेनविल या गावात पाळक होता. आपल्या गुरूंची नावे त्या पत्रकावर पाहून त्याला हादरा बसला, कारण देवाचे राज्य आणि जर्मन संस्कृतीची प्रगती या दोन गोष्टी त्यांच्या शिकवणीत इतक्या एकजीव झाल्या होत्या की, संस्कृती युद्धाला निघाली तेव्हा तिला थांबवू शकेल असा देवाचा शब्दच उरला नाही. त्यानंतर बार्थने रोमकरांस पत्राचा नव्याने अभ्यास केला आणि देव हा आपल्या संस्कृतीचा मुकुट नसून तिचा न्यायाधीश आणि तारणारा आहे, हे ठासून मांडले.

पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चच्या धर्मसभेने यहूदी वंशाच्या व्यक्तींना पाळकपदावरून दूर ठेवणारा नियम स्वीकारला. ही माणसे बाप्तिस्मा घेतलेली, विश्वास कबूल केलेली होती. त्यांचे फक्त रक्त वेगळे ठरवले गेले. बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या तरुण डीट्रिक बोनहोफर यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न नाही, अशी अट घालणारे चर्च चर्चच राहत नाही. अंत्युखियाच्या पंगतीत ज्यांना वेगळे बसवले ते परराष्ट्रीय होते आणि येथे यहूदी वंशाचे. अट मात्र तीच, म्हणजे ख्रिस्ताखेरीज आणखी काहीतरी. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या, चर्चमधील नात्सी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी जाहीरनामा काढला, ज्याचा मुख्य लेखक बार्थ होता. पवित्र शास्त्रात साक्ष दिलेला येशू ख्रिस्त हाच देवाचा एक शब्द आहे आणि त्याच्याशेजारी दुसरी कोणतीही सत्ता, घटना किंवा सत्य चर्चने प्रकटीकरण म्हणून मानू नये, असा त्याचा पहिला मुद्दा होता. यहूदींच्या छळाबद्दल त्या जाहीरनाम्यात थेट शब्द नाही. ही उणीव मोठी होती आणि बार्थने ती पुढे स्वतः मान्य केली. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे त्याचे बॉनमधील अध्यापन संपले आणि १९३५ मध्ये तो बाझेलला गेला. बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले.

एवढे पाहिल्यावर सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू. प्रसादाचा प्रश्न पौलापुढे करिंथ शहरात जवळपास याच रूपात आला होता. तेथे बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा देवळात वाहिलेले असे. पौलाचे उत्तर हो किंवा नाही असे नाही. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ किंवा दूर जात नाही, हे तो आधी सांगतो. म्हणून बाजारात चौकशी न करता घ्यावे, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खावे. मात्र दुसऱ्या देवतेच्या पूजेत सहभागी होणे आणि प्रभुभोजनात (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याच्या विधीत) भाग घेणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. आणि एखाद्या भावाचा विवेक माझ्या खाण्यामुळे अडखळत असेल, तर माझे स्वातंत्र्य मी आनंदाने बाजूला ठेवावे. आपल्या चाळीत किंवा वाड्यात शेजारीण वाटी घेऊन दारात उभी असते, तेव्हा तिचा स्नेह नाकारू नये आणि आपली निष्ठाही लपवू नये, या दोन्ही गोष्टी सांभाळता येतात. कोणी वाटी घेतात, कोणी हात जोडून नम्रपणे कारण सांगतात. दोघांनी एकमेकांना अविश्वासू म्हणू नये, एवढा आग्रह रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय धरतो.

हळदीबद्दलही हाच विचार लागू होतो. हळदीत आनंद आहे, नातेवाइकांची गर्दी आहे, नवऱ्यामुलीचे कौतुक आहे. तिच्यावाचून लग्न अशुभ होईल अशी भीती असेल तर ती भीती सोडली पाहिजे आणि ती लावल्याने विश्वास विटाळतो अशी भीती असेल तर तीही सोडली पाहिजे. भीती उरली नाही की हळद फक्त हळद उरते. विधवा आत्याला मात्र ती लावू देत नसतील, तर तेथे पाळकाने बोललेच पाहिजे, कारण तेथे पुन्हा कोणालातरी पंगतीतून उठवले जात आहे. माझ्या पाहण्यात मंडळ्या हळदीवर तासन्‌तास वाद घालतात आणि आत्या कोपऱ्यात बसलेली कोणाला दिसत नाही.

याच कारणाने मला जातीचा प्रश्न बाकीच्या सर्वांहून निकडीचा वाटतो. प्रभुभोजनाला आज आपल्या मंडळ्यांत सगळे एकत्र येतात आणि एकाच भाकरीत वाटेकरी होतात. हे सहज घडले नाही, त्यासाठी आधीच्या पिढ्यांना झगडावे लागले. सोयरीक जुळवताना मात्र 'मूळचे कुठले', 'आधीचे कोण' ही चौकशी हळू आवाजात होते आणि ती गावाच्या नावाने विचारली तरी तिचा रोख सर्वांना कळतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती दलितांनी मागितलेला न्याय योग्य आहे, कारण धर्म बदलला तरी गावाने त्यांना दिलेली वागणूक बदलली नाही. परंतु सरकारला 'आमच्यावर जातीचा अन्याय होतो' असे सांगणाऱ्या मंडळीने तो अन्याय आपल्या घरात कुठे चालतो, तेही सांगितले पाहिजे. व्यासपीठावरून 'ख्रिस्तात जात नाही' हे वाक्य आपण झालेल्या गोष्टीचे वर्णन म्हणून उच्चारतो. ते देवाचे वचन आहे आणि आपले वागणे अजून त्याच्या मागे रेंगाळते आहे.

म्हणून माझी एक व्यवहारी सूचना आहे. विश्वास जाहीर कबूल करण्याआधी तरुणांचे जे वर्ग घेतले जातात, त्यांत दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना शिकवतात. त्यांच्या जोडीला गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय सावकाश, वचनामागून वचन घेत शिकवावा आणि त्या दिवशी मुलांबरोबर आईवडिलांनाही वर्गात बसवावे, कारण सोयरिकीचा निर्णय पुढे बहुधा त्यांच्याच हातात असणार आहे.